माझ्या कपाटातले रणगाडे

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या छंदाबद्दल बोलायचं. माझ्याआधी गच्चीवरच्या बागेवर बोलून झालं, गडकिल्ल्यांवर बोलून झालं, दोघांनाही टाळ्या मिळाल्या. माझ्या छंदाची गोष्ट जरा वेगळी आहे. सांगलीच्या माझ्या घरी पाहुणे येतात, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटासमोर उभे राहतात आणि विचारतात, "नातवंडं किती वर्षांची झाली?" आत रणगाडे, जीपगाड्या, ट्रक ओळीने उभे असतात. ही नातवंडांची खेळणी नसून माझीच आहेत असं सांगितलं की पाहुणे बायकोकडे सहानुभूतीने बघतात. ती म्हणते, "बघा, आणि यांना भिंतीला खिळा ठोकायला सांगितलं की वेळ नसतो."

तर विषय असा: लष्करी वाहनांची प्रमाणबद्ध मॉडेल, ज्यांना किट म्हणतात, आणि वेगवेगळ्या काळांतली माझी आवडती किट.

किट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात. फांदीला चिंचा लगडाव्यात तसे त्या चौकटींना सुटे भाग लागलेले असतात. चाकं, साखळीपट्टे, तोफेची नळी, झाकणं, अगदी गाडीवर बांधलेली कुदळ आणि फावडंसुद्धा. ते कापायचे, पॉलिश पेपरने कड घासायची, जोडायचे, रंगवायचे, आणि शेवटी नंबर व निशाणांचे छाप पाण्यात भिजवून चढवायचे. सगळं मापात. १/३५ प्रमाणात पावणेसहा फुटी माणूस ५ सेंटिमीटरचा होतो. १/७६ मध्ये तोच माणूस २३ मिलिमीटरचा, म्हणजे तुमच्या करंगळीच्या पेराएवढा. आयुष्यभर मी मिरजेच्या एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये काम केलं. तिथेही मापच. फरक एवढाच की तिथे माप चुकलं तर मालक ओरडायचा, इथे कोणी ओरडत नाही.

या धंद्यात दोन नावं मोठी. एक इंग्लंडची एअरफिक्स. निकोलस कोव्ह नावाच्या गृहस्थाने १९३९ मध्ये ती काढली. सुरुवातीला हवा भरून फुगवायची रबरी खेळणी, मग कंगवे, असं करत करत ती किटकडे वळली. दुसरी जपानमधल्या शिझुओका गावची तामिया. ही मूळची लाकडाची वखार. तामियाने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं, त्यात मोटर आणि बॅटरीचे सेल बसवायचे होते. सेल नीट मावावेत म्हणून गाडीचा आकार ठरवला आणि तो मोजून पाहिला तर मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा निघाला. आज जगभर लष्करी किटचं प्रमाण १/३५ आहे त्याचं मूळ त्या सेलमध्ये आहे. आपल्याकडे विहिरीच्या मापाने मोट करतात, तसाच हा प्रकार.

आता आपल्या शाळेकडे येतो. आठवीत असताना आपल्या वर्गातल्या एकाचे मामा बोटीवर नोकरीला होते, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यांनी भाच्याला एक छोटं पाकीट आणून दिलं. प्लास्टिकची पिशवी, वर कागदी पट्टी, पट्टीवर धुराळ्यातून येणाऱ्या रणगाड्याचं चित्र. एअरफिक्सचा शेर्मन, १/७६. भाच्याला क्रिकेटचं वेड, त्याने ते पाकीट दोन कंपास पेट्यांच्या बदल्यात मला दिलं. चिकटवायला काय? फेव्हिकॉल त्या प्लास्टिकला धरत नाही. शेवटी राजवाड्याजवळच्या एका नेमप्लेट करणाऱ्या पेंटरने मार्ग दाखवला. ॲक्रिलिकची अक्षरं पाटीवर बसवायला तो क्लोरोफॉर्म वापरायचा. त्याच्या दुकानाच्या पायरीवर, उघड्या हवेत, तो थेंब सोडायचा आणि मी भाग धरायचो. लष्करी हिरवा रंग मिळेना, तेव्हा त्यानेच उरलेला ट्रॅक्टरचा हिरवा दिला. त्यामुळे आमचा शेर्मन नॉर्मंडीऐवजी कोरेगावला नांगरटीला निघाल्यासारखा दिसायचा. लांबी जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर, पण शेवटच्या बाकावर त्याने आठवडाभर राज्य केलं.

त्या आठवड्याच्या शेवटी तो इतिहासाच्या सरांच्या हाती लागला. सर सेवादलातले, खादीचे, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याला वाटलं आता तो खिडकीतून बाहेर जाणार. सरांनी तो तळहातावर घेतला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण लढाईचं खेळणं करू नये. या जिल्ह्यात किती घरांत तार आलीय ते एकदा विचारून ये."

सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून मी शब्द मोजून बोलतो आहे. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आजचं हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला मी जन्मभर दिलेलं उत्तर आहे असं समजा. गुण सरांनी द्यावेत.

पहिला काळ पहिल्या महायुद्धाचा. रणगाडा या वस्तूचा जन्मच त्या युद्धातला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ब्रिटिशांचे मार्क वन रणगाडे पहिल्यांदा रणात उतरले. शंकरपाळ्यासारखा तिरका आकार, आत आठ माणसं आणि त्यांच्या मधोमध इंजिन. त्याचं किट माझ्याकडे आहे, पण आवडतं म्हणाल तर रोल्स-रॉइसची चिलखती मोटार. राजेमहाराजांची ती गाडी. तिच्यावर पोलादी पत्रे चढवले, वर फिरता बुरूज आणि त्यात एक मशिनगन. अशा मोटारी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, वाळवंटात पळाल्या.

आणि त्या मेसोपोटेमियात पायी कोण चालत होतं? आपली माणसं. कुतच्या वेढ्यात एप्रिल १९१६ मध्ये जी सहावी पुणे डिव्हिजन शरण गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. आपल्यापासून अर्ध्या तासावरच्या अपशिंगे गावातून त्या महायुद्धात गेलेले ४६ जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणाचा स्तंभ गावात आहे आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागला आहे. आपल्यापैकी कितीतरी जण 'अपशिंगे मिलिटरी' अशी पाटी लावलेल्या एसटीत बसून शाळेत आले. रोल्स-रॉइसच्या मॉडेलशेजारी मी पायी चालणाऱ्या शिपायाची एक पाच सेंटिमीटरची मूर्ती ठेवली आहे, पट्ट्या गुंडाळलेल्या पोटऱ्यांची. पाहुणे मोटार बघतात. मी त्यांना तो शिपाई दाखवतो.

दुसऱ्या महायुद्धाची किट सर्वांत जास्त मिळतात. त्यातही दहातली सात जर्मनांची. टायगर, पँथर, नावंच अशी की पोरांनी घ्यावीत. सगळ्यांना टायगर हवा असतो. मीही एक केला, चांगला झाला, आणि पुढे कोणाला तरी देऊन टाकला. त्या काळातलं माझं आवडतं वाहन म्हणजे ब्रिटिशांचा माटिल्डा. दिसायला गोलमटोल, चालीला मंद, देवळातल्या कासवासारखा. पुढचं पोलाद ७८ मिलिमीटर जाड. आमच्या प्रमाणात ते सव्वादोन मिलिमीटरला येतं. नखाने दाबून बघितलं की त्या जाडीचा अर्थ कळतो. १९४१ च्या सुरुवातीला आफ्रिकेत इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात इटालियन सैन्याशी लढाई झाली. तिथे हे माटिल्डा होते आणि तिथेच मराठा पलटणीही होत्या. केरेनचे फोटो पाहिले तर आपल्या सह्याद्रीचीच आठवण येते. उघडे कातळ, अंगावर येणारे सुळके, खाली खिंड. त्या चढावर आपली माणसं चढली याचं मला नवल वाटत नाही. शनिवारी सकाळी पीटीच्या तासाला अजिंक्यताऱ्यावर पळवलं जायचं ते आठवा.

दुसरं याच काळातलं लाडकं वाहन म्हणजे विलीज जीप. हिला वेगळी ओळख नको. महायुद्ध संपलं, १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि रणांगणावरची ही गाडी थेट आपल्या बांधावर आली. साखर कारखान्याचे चेअरमन जीपमधून आले, तहसीलदार आले, निवडणुकीचे कर्णे आले, आणि लग्नात नवरदेवासकट सतरा माणसं एका जीपमधून आली. तामियाच्या किटमध्ये जीपला चार माणसांची बसायची जागा दाखवलेली आहे. जपानी लोकांनी सांगली-तासगाव वडाप बघितलेलं नाही.

मित्रहो, आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे. इथून पुढची वाहनं आपल्या स्वतःच्या सैन्याची.

१ नोव्हेंबर १९४८. झोजिला खिंड, उंची साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, बर्फ पडलेलं. वर शत्रू दबा धरून, आणि पलीकडे लेहचा रस्ता बंद. जनरल थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे वर न्यायचे. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. सातव्या लाइट कॅव्हलरीचे हलके स्टुअर्ट रणगाडे निवडले. गुपित फुटू नये म्हणून वाटेत त्यांचे बुरूज काढून, झाकून नेले. मद्रास सॅपर्सनी खेचरांच्या वाटेचा रस्ता केला. आणि त्या दिवशी खिंड आपल्या हाती आली. स्टुअर्टचं किट लहानसं असतं, जोडायला चार-पाच संध्याकाळी पुरतात. पण मी त्याच्या बुडाखाली जो डोंगररस्ता केला त्याला चार महिने लागले. रणगाडा खोक्यात मिळतो. सॅपर्सचा रस्ता मिळत नाही, तो हाताने करावा लागतो.

१९६५. हे युद्ध झालं तेव्हा आपण दोन-तीन वर्षांचे होतो, पण त्याच्या गोष्टी आपण बालवाडीपासून ऐकल्या. असल उत्तरला, पंजाबात, पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची जी दशा झाली ती सर्वांना ठाऊक आहे. उसाच्या शेतात पाणी सोडलेलं, चिखलात पॅटन रुतले. ऊस आणि चिखल म्हटल्यावर वाळवा तालुक्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर तोफेने पॅटन फोडणारे अब्दुल हमीद तिथलेच. तिकडे सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर सेंच्युरियन रणगाड्यातून लढत होते. १६ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांना वीरमरण आलं. त्याच पूना हॉर्समध्ये, सेंच्युरियनमध्येच, १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पडले. वय २१, जन्म पुण्याचा. दोघांनाही परमवीर चक्र. खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव 'फमागुस्ता'. तो आज नगरला जपून ठेवलेला आहे. नगरलाच १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. रोल्स-रॉइस चिलखती मोटार, माटिल्डा, सेंच्युरियन, पॅटन, सगळे तिथे खरेखुरे उभे आहेत. नातवंडांना शिर्डीला नेता तेव्हा तास-दोन तास तिथेही थांबा.

सेंच्युरियनचं तामियाचं किट मी नोकरीला लागल्यावर मुंबईहून आणलं. १/३५, तोफेसकट लांबी जवळजवळ २८ सेंटिमीटर. सुट्टीत साताऱ्याला घरी आलो की ओट्यावर बसून काम करायचो. शेजारी एक आक्का राहायच्या. मूळ कोरेगाव तालुक्यातल्या, मुलाच्या नोकरीमुळे साताऱ्यात आलेल्या. एक दिवस त्या पदराला हात पुसत आल्या, रणगाडा बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आरं, ह्यात मानूस कुटं बसतो?"

मी दाखवलं. चालवणारा इथे, पुढे उजवीकडे. बुरुजात तिघं. हा गनर, त्याच्या मागे कमांडर, डाव्या अंगाला गोळा भरणारा.

त्या म्हणाल्या, "आन् हे झाकान आतनं उगडतं का भायेरनं?"

इतकी वर्षं मी हा छंद करतो आहे, प्रदर्शनांत गेलो आहे, जाणकारांशी बोललो आहे. तोफेची लांबी सगळे विचारतात, पोलादाची जाडी विचारतात. झाकण आतून उघडतं का, हे एकट्या आक्कांनी विचारलं. मी सांगितलं, आतूनही उघडतं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "टरक न्हाई का तुज्याकडं? आमचं हे टरकावर हुतं."

तेव्हा कळलं की त्यांचे यजमान आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चालक होते. १९६५ मध्ये पंजाबात दारूगोळा घेऊन पुढे गेले ते आले नाहीत. मागे तार आली. सरांनी विचारून यायला सांगितलं होतं ते घर माझ्या भिंतीला लागून होतं.

तेव्हापासून माझ्या निवडीची रीत ठरली. कोणतंही वाहन समोर आलं की पहिला प्रश्न आक्कांचा: यात माणूस कुठे बसतो, आणि तो कोण होता? उत्तर सापडलं तरच ते किट कपाटात येतं. म्हणून टायगर गेला आणि माटिल्डा राहिला. म्हणूनच १९७१ चा पीटी-७६ माझा लाडका आहे. हा रशियन रणगाडा पाण्यात तरंगतो. आपल्या जवानांनी त्याला 'पिप्पा' नाव दिलं, तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा तरंगतो म्हणून. बांगलादेशच्या लढाईत गरीबपूरला नोव्हेंबर १९७१ मध्ये ४५ कॅव्हलरीच्या पिप्पांनी पाकिस्तानचे शॅफी रणगाडे रोखले. इतक्या जीवघेण्या यंत्राला तुपाचा डबा म्हणणारी माणसं कशी असतील, याचा विचार करत मी तो जोडला. त्याचं पोलाद फार पातळ असतं. तरंगायचं म्हणजे ती किंमत मोजावी लागते.

आता ट्रक. आक्कांच्या यजमानांच्या सैन्यात तेव्हा नवा ट्रक आला होता, शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून तो जबलपूरला बनू लागला. गोल नाकाचा, उंच चाकांचा; महामार्गावरून लष्कराचा ताफा जाताना तुम्ही सर्वांनी लहानपणी त्याला सलाम ठोकला आहे आणि आतल्या जवानांनी तुम्हाला हात केला आहे. पण किट? मी मुंबई-पुण्याची दुकानं पालथी घातली. आवडीच्या जर्मन ट्रकचे पाच प्रकार मिळत होते, शक्तिमानचा एकही मिळाला नाही. आवडीला रणगाडा, त्यातून परदेशी. आपला ओझ्याचा बैल कोणाला दिसणार?

मग तो स्वतःच केला. मिरजेत एका भंगारवाल्याकडे लिलावातला जुना शक्तिमान उभा होता. तीन रविवार मी शिंप्याची टेप घेऊन त्याच्या अंगाखांद्यावर होतो. भंगारवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. शेवटी त्याने चहा पाजला आणि "साहेब, घेणार नसाल तर निदान टेप तरी सरळ धरा" म्हणून स्वतः दुसरं टोक धरलं. प्रत्येक मापाला ३५ ने भागलं. प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून केबिन केली, गोल नाकासाठी आमच्या शॉपमधल्या शिसवीच्या तुकड्याचा साचा केला आणि त्यावर पत्रा गरम करून ओढला. हौद्यावरची ताडपत्री म्हणजे जुन्या धोतराचं कापड, फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवलेलं. पूर्ण व्हायला वर्ष लागलं.

दिवाळीत तो घेऊन आलो. आक्कांना तोवर कमी दिसायचं. त्यांनी बोटांनी चाचपून बघितला. नाक, चाकं, हौदा. मग दार शोधलं. दार उघडेल असं केलेलं होतं. आत करंगळीचं टोक घालून त्यांनी चालकाची जागा बघितली आणि म्हणाल्या, "बारीक केलायस, पन हाय तसाच." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे का हितं?"

तो ट्रक आज माझ्या कपाटात नाही. आक्का गेल्या, पण त्यांच्या गावच्या घरी, फोटोखालच्या फळीवर तो अजून आहे. त्यांच्या नातवाने मला सांगितलं की दसऱ्याला घरातल्या मोटारसायकलीबरोबर त्यालाही झेंडूचं फूल वाहतात.

एका अर्थी तो तिथे गेला हे बरंच झालं. ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा महापूर तुम्हाला आठवतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. कपाटाचे खालचे तीन खण बुडाले. पाणी उतरल्यावर जे हाती लागलं ते चिखलाने असं माखलेलं होतं, की रणगाड्यावर हुबेहूब चिखल दाखवण्यासाठी मी वीस वर्षं ज्या युक्त्या करत होतो ते काम कृष्णामाईने दोन दिवसांत करून ठेवलं होतं. एकच माटिल्डा मी तसाच, न धुता ठेवला आहे.

पण त्या आठवड्यात मी जे पाहिलं ते सांगायचं आहे. गच्चीवरून आम्ही बघत होतो. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली होती, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आणि पाण्याच्या कडेला लष्कराचे ट्रक येऊन थांबले. अशोक लेलँडचा स्टॅलियन, आजच्या सैन्याचा बिनीचा ट्रक, शक्तिमानचा वारस. हौद्यात बोटी. ताडपत्री उघडली, जवानांनी बोटी उतरवल्या आणि तासाभरात आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना, एका बाळंतिणीला त्यांनी खुर्चीसकट उचलून नेलं. शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, हा कुठला ट्रक?" मी नाव सांगितलं. दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही, पण मी आपण होऊन दाखवलं: "तो बघ, चालवणारा तिथे बसलाय."

पुरानंतर मी पहिलं मॉडेल केलं ते त्या स्टॅलियनचं. त्याचंही किट मला मिळालं नाही, तोही पत्रे कापूनच केला. हौद्यात बोट आहे. आज सगळ्या काळांतलं माझं सर्वांत आवडतं वाहन विचाराल तर ते हे. त्याच्यावर तोफ नाही.

निवृत्तीनंतर काय करायचं असं विचारणाऱ्यांना दोन शब्द. हा छंद महागच असतो असं नाही. पहिलं किट लहान घ्या, १/७२ ची जीप घ्या. एक कातरी, एक धारदार पातं, काचपेपर, दोन कुंचले आणि चांगला दिवा. खिडकी उघडी ठेवून काम करा. आणि खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका. चित्रात नेहमी स्फोट असतो, किटमध्ये नेहमी एखादा भाग कमी असतो. हात थरथरतात ही सबब सांगू नका. माझेही थरथरतात, श्वास सोडताना भाग बसवायचा.

आता सरांच्या प्रश्नाकडे. लढाईचं खेळणं करू नये, हे सरांचं म्हणणं मला आजही पटतं. खेळणं म्हणजे ज्याच्यात माणूस नसतो ते. मी माणूस बसलेली वाहनं करतो. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये ज्या साताऱ्यात निघाली, जिथे गावोगाव माजी सैनिक आहेत, तिथल्या मुलांना पडद्यावर रणगाडे उडताना रोज दिसतात. त्यात कोण बसतं ते मात्र दिसत नाही.

म्हणून मुख्याध्यापकांकडे एक मागणं आहे. माझ्या कपाटातली सात वाहनं मी शाळेला देऊ इच्छितो: रोल्स-रॉइस, माटिल्डा, जीप, झोजिलाचा स्टुअर्ट, सेंच्युरियन, पिप्पा आणि स्टॅलियन. प्रयोगशाळेबाहेरच्या काचेच्या कपाटात जागा आहे, मी सकाळीच मोजून आलोय. अट एकच. प्रत्येकाखालच्या पाटीवर तोफेचा व्यास आणि वजन खाली, बारीक अक्षरात. वर, मोठ्या अक्षरात, यात किती माणसं बसत आणि कोण बसलं होतं. त्या पाट्यांचा मजकूर इतिहासाच्या सरांनी तपासून द्यावा अशी विनंती आहे. शुद्धलेखनाचे गुण कापले तरी चालतील. शिवाय आपल्या बॅचमधले जे तिघे फौजेत गेले, त्यांनी मुलांना वर्षातून एकदा येऊन सांगावं की झाकण आतून कसं उघडतात.

आठवा खण मोकळा ठेवायचा आहे, शक्तिमानसाठी. तो मी नव्याने करायला घेतला आहे. मापं आहेत, धोतर आहे, केबिनचं काम निम्म्यावर आलं आहे. पुढच्या मेळाव्याला आणतो.

संयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवलं आहे.